टाकी, घसारा आणि आत्याबाईंचा जबाब

आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली त्या दिवशी गल्लीतल्या बायका हळहळायला आल्या, त्या पाण्यासाठी. गाद्या भिजल्या, कपाट भिजलं, छताचं प्लास्टर सुटून खाली पडलं, याचं कुणाला काही नव्हतं. "सगळी भरलेली होती का हो?" एवढंच विचारायच्या, आणि मी हो म्हटलं की तोंडावर हात ठेवायच्या. गारखेड्यात तेव्हा नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. त्या तासात पिंप, घागरी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा आणि मोटर लावून वरची टाकी भरायची. त्या दिवशी टाकी काठोकाठ भरली, मोटर बंद केली, आणि अर्ध्या तासात टाकी बुडाशी उभी चिरली. शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "हजार लिटर गेलं गं बाई," म्हणाल्या. आमच्या घरातलं कुणी गेलं असतं तरी त्यांनी याहून जास्त काही केलं नसतं.

गच्चीचा उतार मिस्तरीनं घर बांधताना उलटा, जिन्याकडं काढून ठेवला होता. "नंतर बघू," असं माझा नवरा तेव्हापासून म्हणत होता. त्यामुळं पाणी जिन्याच्या पायऱ्या उतरत खाली आलं आणि सरळ पुढच्या खोलीत शिरलं. पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास होता.

माझं माहेर छावणीतलं. आमच्या शेजारी लष्करातल्या लोकांचे कपडे शिवणारे एक मास्तर राहायचे, त्यांच्याकडं मी कटिंग शिकले. लग्न होऊन आले ती एक मशीन घेऊनच आले, आणि आठ वर्षांत एकीच्या सहा झाल्या. सकाळी एक बॅच, दुपारी एक. मुकुंदवाडीपासून मुली सायकलवर यायच्या. सहाही मशिनींना मी खालून मोटरी बसवून घेतल्या होत्या, आणि खालून म्हणजे नेमकं जिथं पाणी साचलं तिथंच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या पैठणकडच्या शेतीवाडीच्या घरातल्या. आमच्या घरातली बाई पैशासाठी काम करते हे चारचौघांत सांगणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. माझ्या क्लासला त्या 'खटखट' म्हणायच्या. कुणी विचारलं, सूनबाई काय करतात, तर उत्तर ठरलेलं, "काय नाय, घरीच असती. टाइमपास करती मशिनीवर." टाइमपास हा शब्द त्या टीव्हीवरून शिकल्या होत्या आणि तो त्यांनी फक्त माझ्यासाठी राखून ठेवला होता. सबंध दिवस टीव्हीसमोर बसणाऱ्या त्यांच्या धाकट्या जावेला त्यांनी तो कधी लावला नाही. तो शब्द कानावर पडला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पाणी काढता काढता संध्याकाळ झाली. म्हणजे आम्ही पाणी काढत होतो आणि आत्याबाई ते साठवत होत्या. फरशीवरचं पाणी त्यांनी फडक्यानं टिपून, पिळून बादल्यांत भरलं. "भांडे घासायला व्हईल, झाडाला व्हईल," म्हणत त्यांनी चौदा बादल्या भरल्या. सगळं झाल्यावर नवऱ्यानं कंबरेवर हात ठेवून फुगलेली टेबलं, पाणी गळणाऱ्या मोटरी आणि उघडं पडलेलं छत पाहिलं आणि म्हणाला, "आधी घर नीट करावं लागेल. मशिनींचं नंतर बघू. नाहीतर ही खोली भाड्यानं देऊन टाकू."

त्याचं 'नंतर' किती लांबचं असतं ते गच्चीच्या उतारावरून मला माहीत होतं. माझ्या क्लासवर पाणी सोडायची वेळ आली होती. मी जेवले नाही. भांडीही घासली नाहीत, चौदा बादल्या पाणी असून.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आठवलं की घराचं कर्ज घेताना बँकेनं एक विम्याची पॉलिसी गळ्यात मारली होती. त्यात घर आणि घरातलं सामान, दोन्ही होतं. आम्ही ती तेव्हापासून कपाटाच्या तळाशी, साड्यांच्या घडीखाली ठेवली होती. कपाट भिजलं तशी पॉलिसीही भिजली. ती आम्ही दोरीवर चिमटे लावून वाळवली आणि मग मी तिला हलक्या हातानं इस्त्री केली. कागद छान सरळ झाले, अक्षरं मात्र काही ठिकाणी पाठीमागच्या पानावर गेली. इतक्या वर्षांत ती पॉलिसी आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो आणि तीही आरशात धरून.

नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ नोकरी सांभाळून विम्याचंही काम बघायचे. त्यांना आम्ही घरी बोलावलं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आधी कंपनीला कळवायचं. मग फॉर्म भरायचा. मग कंपनीचा सर्व्हेअर येऊन नुकसान बघणार, मोजणार, रिपोर्ट देणार, आणि त्यावर कंपनी ठरवणार. "तोपर्यंत," ते म्हणाले, "काही हलवायचं नाही, काही टाकायचं नाही. जसं आहे तसं त्याला दिसलं पाहिजे."

आत्याबाई दारात बसून ऐकत होत्या. "सर्व्हेवाला? मोजणी करायला? आपल्या जमिनीची मोजणी तर झालेली हाय की." सर्व्हे म्हटलं की त्यांना गावाकडची साखळी आणि बांध आठवायचा. हा भिंत मोजणारा आहे, हे त्यांना पटवायला एक चहा खर्ची पडला.

कळवण्याचं काम लगेच झालं. दोन दिवसांनी कंपनीतून उलटा फोन आला, तो आमच्या दुर्दैवानं आत्याबाईंनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "व्हय, व्हय, फुटली की टाकी... नाय नाय, तसं काय नाय. देवाच्या दयेनं सगळं बरं हाय. कुनाला लागलं नाय. तुमच्याकडं कसं हाय?" मी ओले हात घेऊन धावत गेले, तोवर त्यांनी पलीकडच्या माणसाच्या मुलाबाळांची चौकशी करून फोन ठेवला होता. मी म्हटलं, आत्याबाई, नुकसान विचारत होते ते! तर म्हणाल्या, "परक्या मानसाला काय रडगाणं सांगायचं गं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की विमा कंपनीला जे हवं असतं ते आमच्या घरात शिकवलेलंच नाही. तिला रडगाणंच हवं असतं, तारीखवार, तीन प्रतींत.

सर्व्हेअर सोमवारी येणार असं ठरलं. रविवारी मी आणि नवरा बाजारात गेलो आणि दोन तासांनी परत आलो तर घर लखलखत होतं. साहेब येणार म्हणून आत्याबाईंनी घर आवरलं होतं. पडलेलं प्लास्टर झाडून बाहेर गेलं होतं. भिंतीवरच्या ओलीच्या डागांवर त्यांनी कॅलेंडरं लावली होती, तीही वेगवेगळ्या वर्षांची, कारण डाग बरेच होते. आणि भिजलेली चादरी-पडद्यांची रास, जी आम्ही पुरावा म्हणून कोपऱ्यात ठेवली होती, तिच्या जागी एक झाकणाचं कोरं स्टीलचं पातेलं होतं.

"जुन्या कपड्यावर भांडे देनारी आली होती," त्या आनंदानं म्हणाल्या. "लई घासाघीस केली, तवा झाकन दिलं."

नवरा पातेल्यापाशी खाली बसला. मग उठून झाडलेलं प्लास्टर गल्लीच्या कोपऱ्यावरून पोत्यात भरून आणलं आणि कटिंगच्या टेबलावर जमेल तसं पसरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घरात घाण टाकताना त्याला मदत केली. आत्याबाई आमच्याकडं बघत राहिल्या. आपला मुलगा हातचा गेला असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

खरी अडचण वेगळीच होती. ती त्या विम्याच्या गृहस्थांनी आधीच सांगून ठेवली होती. आमची पॉलिसी घरगुती सामानाची. धंद्याच्या वस्तू तिच्यात बसत नाहीत. "वहिनी," ते म्हणाले होते, "मशीन तर घराघरांत असते. तुम्ही घरचं शिवताच ना? मग तेवढंच सांगा. क्लास हा शब्द तेवढा काढू नका."

खोटं बोलायचं नव्हतं, फक्त खरं कमी बोलायचं होतं. नवऱ्याला ते लगेच पटलं. मला पटलं नाही, पण सहा मोटरी उघडून वाळत ठेवल्या होत्या आणि खोली भाड्यानं द्यायचं संकट डोक्यावर होतं. मी मान हलवली. बाहेरची 'शिवणक्लास' लिहिलेली पाटी काढून दिवाणाखाली सरकवली. पाटीखालचा रंग उजळ राहिला होता, तिथं आत्याबाईंनी एक कॅलेंडर लावलं. रस्त्यावरून जाणारे थांबून तारीख बघायला लागले.

मुलींना मशिनी नीट होईपर्यंत सुट्टी दिली. आता उरल्या आत्याबाई. त्यांना गप्प बसा म्हणणं शक्य नव्हतं. पण नवऱ्याच्या लक्षात आलं की त्यांना काही नवीन शिकवायचंच नाही.

"आई, साहेबांनी मशिनींचं विचारलं तर तू नेहमी म्हणतेस तेच म्हण."

"काय म्हनती मी?"

"टाइमपास."

"मी कुठं म्हनती?"

"आठ वर्षं म्हणतीयेस, आई."

"मी?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. छत तर आता बघण्यासारखं होतंच.

शेवटी त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. सून घरीच असते, घरचं शिवते, टाइमपास करते. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच डोळ्यांदेखत, माझ्या आठ वर्षांच्या कष्टांचा असा पाठ घोकून घेतला जात होता आणि चुका होऊ नयेत म्हणून मीच बसून ऐकत होते. माझ्या आयुष्यातला तो फार अपमानाचा रविवार होता. हसू येत होतं, तेही खरं.

सर्व्हेअर सोमवारी दहाला आला. चाळिशीतला, सडपातळ, खिशाला दोन पेनं. माणूस सभ्य होता. आत्याबाई नवी इरकल नेसल्या होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पोहे दिले, पोहे संपायच्या आत आणखी पोहे दिले. नुकसानीच्या खोलीत जायला त्याला पाऊण तास लागला.

आधी त्यानं फोटो मागितले. टाकी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला होता. तेव्हा फोटोंचा रोल असायचा, आणि रोल फुकट घालवायचा नाही हा आत्याबाईंचा कायदा. प्रत्येक फोटोत त्या होत्या. भिंतीसमोर आत्याबाई, गाद्यांसमोर आत्याबाई, फुटलेल्या टाकीवर हात ठेवून आत्याबाई. केस विंचरलेले, पदर नीट, चेहरा प्रसन्न.

सर्व्हेअरनं दोन-तीन फोटो पुढं-मागं केले. "यात नुकसान कुठं आहे?"

"माझ्या मागं," आत्याबाई म्हणाल्या.

मग तो वहीत एकेक वस्तू लिहायला लागला. कपाटाचं दार फुगलं होतं, लागत नव्हतं. त्यानं विचारलं, "कपाट केव्हाचं?"

"माझ्या लग्नातलं. पस्तीस वर्ष झाले," आत्याबाई छाती काढून म्हणाल्या. "अस्सल सागवान. आता असं लाकूड बघायला मिळत नाय."

त्यानं लिहिलं. "आणि या गाद्या?"

"ह्या तर माझ्या सासूनं भरून घेतल्यात. काय कापूस हाय बघा!"

त्यानं तेही लिहिलं. नवरा खोकायला लागला. आमच्याकडं वस्तूचं वय म्हणजे तिची शोभा, आणि आत्याबाई एकेक वस्तू अशी सजवून त्या माणसाच्या हवाली करत होत्या. शेवटी सर्व्हेअरलाच दया आली. त्यानं पेन थांबवलं. "मावशी, वस्तू जितकी जुनी तितका तिला घसारा लागतो."

"घसारा?"

"म्हणजे वस्तू वापरून वापरून घसत, झिजत जाते ना, तेवढी किंमत वजा करायची."

आत्याबाई एकदम ताठ झाल्या. "घसते? माझ्या कपाटाला मी कधी घासनी लावली नाय, साहेब! ओल्या फडक्यानं पुसती अन् मग कोरड्यानं. कुठं घसलंय, दाखवा बरं!"

मी त्यांना आत नेलं. पाणी प्यायच्या निमित्तानं कानात सांगितलं की आत्याबाई, वर्षं कमी सांगा, जुनं म्हटलं की पैसे कमी. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी टेबलफॅनकडं बोट दाखवलं आणि तो काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ह्यो परवाच घेतला." फॅन सासऱ्यांच्या तरुणपणचा होता. सर्व्हेअरनं तो उलटा करून तळाशी छापलेलं साल वाचलं आणि तेच वहीत लिहिलं.

चादरी आणि पडद्यांचं आलं तेव्हा ते दाखवा म्हणाला. दाखवणार काय? नवऱ्यानं पातेलं आणून समोर ठेवलं. उरलेल्या मालाची जी किंमत येते ती दाव्यातून वजा होते, असं सर्व्हेअरनं सांगितलं आणि यादीत लिहिलं, 'स्टील पातेले, झाकणासह, एक'. झाकणाची नोंद झाली म्हणून आत्याबाईंना बरं वाटलं.

मग तो मशिनींपाशी आला. मोटरी उघड्या, टेबलांचे कोपरे पावासारखे फुगलेले, एका मशीनच्या चाकावर गंज धरायला लागलेला. त्यानं मोजल्या. "सहा?"

"हौस आहे हिला," नवरा म्हणाला.

"सहा मशिनींची?"

"मोठी हौस आहे."

सर्व्हेअरनं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं आत्याबाईंना विचारलं, "काय करतात सूनबाई यांचं?"

आत्याबाईंनी पाठ केलेलं सगळं बिनचूक म्हटलं. सून घरीच असती, घरचं शिवती, टाइमपास करती. नवऱ्यानं श्वास सोडला. झालं, सुटलो, असं मलाही वाटलं.

सर्व्हेअर लिहिता लिहिता हसला. वाईट नव्हता तो, सहज हसला. "चांगलंय. आमच्याकडं बायका टीव्ही बघून टाइमपास करतात, इथं सहा मशिनी लागतात. रिकामपण फार दिसतंय."

मग आत्याबाईंनी कमरेला पदर खोचला. गावाकडं त्या असा पदर खोचायच्या तेव्हा गडीमाणसं वाट सोडून उभी राहायची, असं सासरे सांगायचे.

"कोन रिकामं?" त्या म्हणाल्या. "कुनाला म्हनता रिकामं?"

"आई," नवरा म्हणाला.

"तू गप. साहेब, ही पाचाला उठती. आमचं समद्याचं खानंपिनं करती अन् मग दोन-दोन बॅचा घेती. रिकामं म्हनं! ती मुकुंदवाडीची उंच पोरगी, नवऱ्यानं टाकलेली, आली तवा तिला सुईत दोरा ववता येत नव्हता. आता सोताचं दुकान हाय तिचं. त्या दोघी बहिनी, बापानं शाळा सोडायला लावली, त्या आता शाळेचे ड्रेस शिवून देत्यात. एक तर रडायचीच नुसती, बाही उलटी लावायची तीनदा तीनदा. हिनं तिला एकदा सुदिक रागावलं नाय. माझ्याकडं आली असती तर मी हाकलून दिलं असतं. क्लास हाय ह्यो, क्लास! लई नामी क्लास हाय!"

आणि त्या वाकल्या, दिवाणाखाली हात घालून पाटी ओढून काढली आणि सर्व्हेअरच्या वहीवर आडवी ठेवली.

नवरा गादीवर बसला. गादी अजून ओली होती, पण तो उठला नाही.

मी काय करत होते ते मला आठवत नाही. मी आत्याबाईंकडं बघत होते एवढं आठवतं. आठ वर्षांत त्या एकदाही क्लासच्या खोलीत येऊन बसल्या नव्हत्या. आवाजानं डोकं उठतं म्हणायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. आणि त्यांना बाही उलटी लावणारी मुलगी माहीत होती. ती रडायची ते माहीत होतं. मी रागावले नव्हते हेही माहीत होतं, आणि ते तर मलाच लक्षात नव्हतं.

सर्व्हेअरनं पाटी हळूच बाजूला केली, पाटीवरचा मजकूर वाचला आणि तसाच वहीत उतरवला. "मावशी," तो जरा शरमून म्हणाला, "मी तसं म्हटलं नव्हतं. पण हा क्लास असेल तर या मशिनी तुमच्या पॉलिसीत बसत नाहीत."

"नाय बसल्या तर नाय बसल्या," आत्याबाई म्हणाल्या. "चा घेता का अजून?"

त्यानं घेतला. नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

तो गेल्यावर नवरा आईशी दिवसभर बोलला नाही. मी बोलले, पण भाजीत मीठ किती एवढंच. मला रागही आला होता. एवढं पाठ करून घेतलं आणि ऐन वेळी सगळं पाण्यात घातलं. एरवी हवं तेव्हा टाइमपास, आणि एक दिवस जेव्हा टाइमपास असणं माझ्या फायद्याचं होतं, तेव्हा क्लास. असं मी स्वतःशी चडफडत भांडी आपटत होते आणि मधेच 'लई नामी' आठवून हात थांबत होता. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं.

पत्र यायला दीड महिना लागला. ते इंग्रजीत होतं. नवऱ्यानं ओट्यावर बसून एकेक ओळ मराठीत करून वाचली. प्लास्टर मंजूर. कपाट मंजूर, घसारा वजा करून. गाद्या मंजूर, घसारा वजा करून, आणि तो सासूच्या सासूपासूनचा असावा इतका मोठा. पंखा नामंजूर. पातेलं वजा. टाकी तिच्या वयामुळं नामंजूर, पण तिनं केलेलं नुकसान मंजूर, हा हिशेब आम्हाला आजही समजलेला नाही. आणि शेवटी, शिवणयंत्रं सहा, शिवणकला प्रशिक्षण व्यवसायासाठी वापरात असल्यामुळं वगळण्यात येत आहेत.

"व्यवसाय लिवलंय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"अन् नामी?"

"नामी नाही लिहिलं, आई."

"सांगितलं होतं की मी त्याला," त्या नाराज होऊन म्हणाल्या.

नवऱ्यानं पत्राची घडी घातली आणि खोलीचं काय करायचं असं माझ्याकडं न बघता विचारलं. मला खोलीबद्दलच बोलायचं होतं. शेवटी मी बोलले ते भलतंच. "आत्याबाई, एवढं सांगितलं होतं तुम्हाला. का बोललात?"

"त्यो हसला म्हनून."

"तुम्ही आठ वर्षं हसताय."

"मी घरची हाय," त्या म्हणाल्या. "मला हक हाय. त्याला कुनी दिला?"

मला रडू आलं आणि रडू आलं याचाच राग आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मुलाला म्हणाल्या, "कपाटाचे पैसे आलेत ना? त्यात हिच्या मशिनी नीट करून आन. कपाट राहू दे तसंच. दार मी दोरीनं बांधती. खोली भाड्यानं द्यायचं नाव काढायचं नाय."

"आई, पण कपाटाचे पैसे कपाटासाठी—"

"माझ्या लग्नातलं कपाट हाय. मी ठरवनार."

सहापैकी चार मशिनी दुरुस्त झाल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. पंधरा दिवसांनी सकाळची बॅच पुन्हा बसली, चार मशिनींवर आळीपाळीनं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर कॉलरचं कटिंग काढत होते, मुली शिवत होत्या, आणि स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. त्या दारामागून आत्याबाईंचा आवाज आला, "अगं, खिडकीजवळच्या मशिनीची सुई तुटली बघ. आवाज बदललाय."

मी खडू ठेवून खिडकीपाशी गेले. मुलगी अजून पाय दाबत होती, तिला कळलंही नव्हतं. सुई तुटलेली होती.